एक मिलिमीटरचा पारदर्शक कृमी: पेशी कशा घडतात आणि ठरल्या वेळी का मरतात?

बायोप्सीचा किंवा रक्ताच्या कर्करोगाचा रिपोर्ट हातात आला की त्यात ‘बीसीएल-२’, ‘ईजीएफआर’, ‘आरएएस’, ‘ॲपॉप्टोसिस’ असे शब्द दिसतात. नातेवाईक त्या शब्दावर बोट ठेवून विचारतात, “डॉक्टर, हे काय आहे?” ओपीडीच्या पाच मिनिटांत त्याचे नीट उत्तर देता येत नाही. या शब्दांचा अर्थ लावण्यात मातीत राहणाऱ्या एका कृमीचा मोठा वाटा आहे. त्याची लांबी जेमतेम १ मिलिमीटर असते आणि शरीर काचेसारखे पारदर्शक असते. त्याची माहिती करून घेतली तर रिपोर्टमधले हे शब्द बरेच सोपे होतात, म्हणून हा लेख.

हा कृमी आपल्या पोटातला आहे का?

नाही. याचे शास्त्रीय नाव ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’, थोडक्यात ‘सी. एलेगन्स’. तो सूत्रकृमी या गटातला आहे. डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी शेतकऱ्यांना चांगलेच माहीत असतात, आणि लहान मुलांच्या पोटात होणारे गोल जंतही याच मोठ्या गटात येतात. सी. एलेगन्स मात्र कोणाच्याही शरीरात राहत नाही. तो कुजणाऱ्या फळांत आणि पालापाचोळ्यात जिवाणू खाऊन जगतो. त्याच्यामुळे माणसाला कोणताही आजार होत नाही.

जंतांशी त्याचा एक उपयोगी संबंध मात्र आहे. दर वर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. या गटातली औषधे कृमीच्या पेशीतल्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनावर काम करतात. त्या प्रथिनाच्या जनुकात बदल झाला की औषध लागू पडत नाही, ही गोष्ट समजून घ्यायला सी. एलेगन्सवरचे प्रयोग फार उपयोगी पडले.

अभ्यासासाठी हाच प्राणी का निवडला?

१९६३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत सिडनी ब्रेनर काम करत होते. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेले. जनुके म्हणजे काय याचा ढोबळ उलगडा तोवर झाला होता. पुढचा प्रश्न असा होता की एकाच फलित बीजापासून स्नायू, आतडे, चेतापेशी असे वेगवेगळे प्रकार कसे तयार होतात? माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात. उंदराच्याही अब्जावधी. तिथे एकेका पेशीचा माग काढणे अशक्य. म्हणून ब्रेनर यांनी असा प्राणी शोधला ज्याच्या सगळ्या पेशी मोजता येतील.

या कृमीची वाढ झपाट्याने होते. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण ३ दिवस लागतात आणि एकूण आयुष्य २ ते ३ आठवड्यांचे असते. काचेच्या बशीत जिवाणूंचा थर दिला की तो त्यावर मजेत जगतो. बहुतेक कृमी उभयलिंगी असतात, म्हणजे एकच कृमी बीज आणि शुक्रपेशी दोन्ही तयार करतो आणि एकटाच सुमारे ३०० पिल्ले देतो. त्यामुळे आनुवंशिक प्रयोग सोपे होतात. त्याला गोठवून ठेवता येते आणि पुन्हा उबेला आणले की तो जिवंत होतो. या सगळ्याहून महत्त्वाची त्याची पारदर्शकता. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत कृमी ठेवला, तर त्याला कापावे लागत नाही, रंगवावे लागत नाही. आतली पेशी दुभंगताना थेट दिसते.

एका पेशीपासून ९५९ पेशी

हे पाहण्याचे किचकट काम प्रामुख्याने जॉन सल्स्टन यांनी केले. फलित बीजाच्या दोन पेशी होतात, त्यांच्या चार, मग आठ. कोणत्या पेशीपासून कोणती पेशी निघाली याची वंशावळ त्यांना मांडायची होती. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सुमारे १४ तास लागतात. सल्स्टन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रोज चार-चार तासांच्या दोन बैठका करत आणि दिसेल ते हाताने कागदावर काढत. भ्रूणाच्या वंशावळीसाठी हे सुमारे दीड वर्ष चालले. अंड्यातून बाहेर आल्यानंतरची वंशावळ त्यांनी रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्याबरोबर १९७७ साली प्रसिद्ध केली, आणि भ्रूणाची वंशावळ सहकाऱ्यांसह १९८३ साली. कोणत्याही प्राण्याच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचा जन्म असा नोंदला गेल्याची ही पहिलीच वेळ.

त्यातून दिसले ते चकित करणारे होते. प्रौढ उभयलिंगी कृमीत प्रजननाच्या पेशी सोडून पेशींची संख्या, म्हणजे काटेकोर बोलायचे तर पेशीकेंद्रकांची संख्या, ९५९ भरते. त्यात ३०२ चेतापेशी असतात. या कृमीत वाढीचा क्रम दर वेळी जवळजवळ तोच असतो. उदाहरणार्थ, त्याच्या आतड्यात २० पेशी असतात आणि त्या सगळ्या आठ-पेशींच्या अवस्थेतल्या एकाच पेशीच्या लेकी-नाती असतात.

माणसाचा भ्रूण इतका पक्का ठरलेला नसतो. आपल्याकडे सुरुवातीच्या काळात पेशी एकमेकींची जागा घेऊ शकतात. एकाच भ्रूणाचे दोन भाग होऊन सारखी जुळी मुले होतात ती त्यामुळेच. आयव्हीएफमध्ये पाच दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी तपासणीसाठी काढता येतात, त्यामागेही हीच लवचीकता आहे. तेव्हा कृमीची वंशावळ जशीच्या तशी माणसाला लावायची नसते. लागू पडतात ते नियम, म्हणजे पेशी निर्णय कसा घेते त्याची पद्धत.

शेजारच्या पेशीचा निरोप

वंशावळ ठरलेली असते म्हणून प्रत्येक पेशी एकटीच आपला मार्ग धरते असे वाटेल. संशोधकांनी याची परीक्षा घेतली. शरीर पारदर्शक असल्याने बारीक लेझरने नेमकी एकच पेशी जाळता येते. मग बघायचे की बाकीच्या काय करतात.

कृमीच्या अंडी घालण्याच्या मार्गाजवळ सहा पेशी रांगेत असतात. सहाही पेशींमध्ये तो मार्ग बनवण्याची क्षमता असते, पण प्रत्यक्षात तीनच पेशी ते काम करतात आणि त्यांच्यापासून २२ पेशींचा अवयव तयार होतो. त्यांच्या वर ‘अँकर सेल’ नावाची एक पेशी असते. ती लेझरने नष्ट केली तर हा मार्ग तयारच होत नाही. म्हणजे ती शेजारणींना निरोप पाठवत होती. हा निरोप एका प्रथिनाच्या रूपात जातो, पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तो पकडतो आणि आत एकापाठोपाठ एक प्रथिने जागी होतात.

आता तुमच्या रिपोर्टकडे या. कृमीतला तो रिसेप्टर म्हणजे आपल्या ‘ईजीएफआर’चा भाऊबंद, आणि आतल्या साखळीतले एक प्रमुख प्रथिन म्हणजे आपले ‘आरएएस’. कृमीत आरएएसचे जनुक बिघडून सतत चालू राहिले, तर निरोप आला नसतानाही जादा पेशी कामाला लागतात आणि एकाऐवजी अनेक मार्ग फुटू लागतात. माणसात हीच साखळी सतत चालू राहिली की पेशींची अनावर वाढ होते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआरची तपासणी करतात ती याचसाठी. त्यात विशिष्ट बदल सापडला तर त्यावर नेमके काम करणारी गोळी देता येते.

मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन देण्याआधी आरएएसची तपासणी करतात. “एवढी महागडी तपासणी कशाला?” असा प्रश्न नातेवाईक हमखास करतात आणि तो रास्तच आहे. सेटुक्सिमॅब साखळीच्या वरच्या टोकाला, ईजीएफआरवर अडसर घालते. आरएएस त्याच्या खाली आहे. तेच बिघडून चालू राहिले असेल तर वर अडसर घालून काही होत नाही, जसा गळका नळ टाकीच्या खाली असेल तर टाकीत येणारी पाइप बंद करून लगेच गळती थांबत नाही. तपासणी केल्याने न लागू होणारे औषध, त्याचा खर्च आणि त्याचे दुष्परिणाम टळतात. साखळीतले कोण वर आणि कोण खाली हा क्रम लावण्यात या कृमीचा आणि फळमाशीचा मोठा वाटा आहे.

१३१ पेशी जन्मतात आणि मरतात

सल्स्टन यांच्या वंशावळीत एक विचित्र गोष्ट होती. उभयलिंगी कृमी घडताना १,०९० पेशी जन्म घेतात, पण त्यांतल्या १३१ उरत नाहीत. प्रत्येक कृमीत त्याच १३१ पेशी, त्याच जागी आणि त्याच वेळी मरतात. पेशी आकसते, गोल मण्यासारखी चमकते आणि साधारण तासाभरात शेजारची पेशी तिला गिळून टाकते. सूज नाही, पू नाही, व्रण नाही. मरणाऱ्यांपैकी बहुतेक पेशी चेतासंस्थेच्या वंशातल्या असतात.

हा अपघात नव्हता हे उघड होते. पेशीच्या अशा शांत, ठरलेल्या मृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ म्हणतात. जखमेत किंवा हार्ट अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटून पेशी फुटतात, तो वेगळा प्रकार. त्याला ‘नेक्रोसिस’ म्हणतात आणि तिथे सूज येते.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत हॉर्विट्झ यांनी विचारले की हा मृत्यू घडवून आणणारी जनुके कोणती? १९८६ साली त्यांच्या गटाने दोन जनुके दाखवली, सेड-३ आणि सेड-४. यांतले एकही बिघडले तर त्या १३१ पेशी मरत नाहीत, आणि गंमत म्हणजे त्या जादा पेशी घेऊन कृमी बऱ्यापैकी नीट जगतो. नंतर सेड-९ सापडले. त्याचे काम उलटे, ते पेशीला मरण्यापासून राखते. ते बिघडले की ज्या पेशी जगायला हव्यात त्याही मरतात आणि भ्रूण टिकत नाही. पुढे ईजीएल-१ हे चौथे प्रथिन मिळाले. ते सेड-९ला धरून बाजूला करते, मग सेड-४ मोकळे होते आणि ते सेड-३ला जागे करते. सेड-३ ही पेशीची आतली प्रथिने कापणारी कात्री आहे. माणसातल्या अशा कात्र्यांना ‘कॅस्पेज’ म्हणतात.

ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना या कामासाठी २००२ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग हे माणसात कुठे दिसते?

पहिली जागा तुमच्या हातात आहे. गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास हात बदकाच्या पायासारखा पडदेदार असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटे सुटी होतात. ही क्रिया अर्धवट राहिली तर मूल जुळलेल्या बोटांसह जन्मते. आईने ग्रहणात काही चिरले म्हणून असे होते, हे आजही घराघरांत ऐकू येते. त्यात तथ्य नाही, आणि त्या आईला दोष देणे तर अजिबात योग्य नाही. बहुतेक मुलांत शस्त्रक्रियेने बोटे सुटी करता येतात.

प्रौढ शरीरातही रोज हजारो कोटी पेशी अशाच मरतात आणि नव्या त्यांची जागा घेतात. काम संपलेल्या पांढऱ्या पेशी, आतड्याच्या अस्तराच्या पेशी, स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू शकतील अशा प्रतिकारपेशी, यांना वेळेवर जावेच लागते.

न मरणाऱ्या पेशींचा धोका लिंफोमाच्या रुग्णांमुळे कळला. १९८०च्या दशकात फॉलिक्युलर लिंफोमा या लसीकाग्रंथींच्या कर्करोगात बीसीएल-२ हे जनुक चुकीच्या जागी जाऊन अति सक्रिय झालेले आढळले. तोवर कर्करोग म्हणजे पेशींचे बेसुमार विभाजन अशीच समजूत होती. १९८८ साली दिसून आले की बीसीएल-२ पेशींना वेगाने वाढवत नाही, ते त्यांना मरू देत नाही. त्यानंतर १९९२ साली संशोधकांनी माणसाचे बीसीएल-२ कृमीत घातले आणि कृमीतल्या पेशींचा ठरलेला मृत्यू कमी झाला. सेड-९ आणि बीसीएल-२ एकाच कुळातली निघाली. माणसाचे जनुक कृमीच्या शरीरात जाऊन आपले काम करते, हा मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो.

याचे औषध व्हायला पुढे दोन दशकांहून जास्त काळ गेला. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ला धरून ठेवते, म्हणजे कृमीतले ईजीएल-१ जे करते जवळपास तेच. त्यामुळे कर्कपेशींचा अडलेला मृत्यू पुन्हा मोकळा होतो. हे औषध प्रामुख्याने क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, आणि काही प्रकारच्या ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात वापरतात.

व्हेनेटोक्लॅक्स सुरू करताना इतकी खबरदारी का?

सीएलएलमध्ये ही गोळी पहिल्या आठवड्यात दिवसाला २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. मग दर आठवड्याला ५०, १००, २०० असे वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० मिलिग्रॅमवर नेतात. काही घरांत याचा अर्थ “डॉक्टर अजून पूर्ण औषध देत नाहीत” असा घेतला जातो. खरे कारण वेगळे आहे. मोठा डोस एकदम दिला तर असंख्य कर्कपेशी एकाच वेळी मरतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड तयार करणारे घटक रक्तात ओतले जातात. याला ट्यूमर लायसिस सिंड्रोम म्हणतात. त्यात किडनी बंद पडू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

म्हणून पहिल्या डोसच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी प्यायला सांगतात, युरिक ॲसिड कमी करणारी गोळी देतात आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करतात. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते कर्करोगतज्ज्ञांना आधीच सांगा. या काळात रक्त तपासायला गावाहून येणे जिवावर येते हे मान्य, पण ती तपासणी चुकवू नका. उलट्या, छातीत धडधड, स्नायूंत गोळे, लघवी कमी होणे, गोंधळल्यासारखे वागणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

बुरशीविरोधी काही गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढवतात. ग्रेपफ्रूटही टाळायचे असते. सर्दी-खोकल्यासाठी जवळच्या दवाखान्यात गेलात तरी आधी ही गोळी दाखवा. आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांना ती रोजच्या पाहण्यातली नसते, म्हणून पाकीटच सोबत न्या.

याच कृमीतून आणखी काय मिळाले?

यादी मोठी आहे, इथे दोन-तीनच सांगतो. १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन कृमीच्या स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींत आणले आणि जिवंत प्राण्यात हव्या त्या पेशी उजळवण्याची सोय झाली. इथेही पारदर्शकताच कामी आली. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुपदरी आरएनए वापरून एखादे जनुक गप्प करता येते हे याच कृमीत दाखवले. कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा घेण्याचे इन्क्लिसिरान हे इंजेक्शन त्याच तत्त्वावर चालते. जनुकांना आवर घालणारे मायक्रोआरएनएही १९९३ साली प्रथम इथेच सापडले. त्या शोधाला २०२४ सालचे नोबेल मिळाले.

कृमीवर सिद्ध झाले, म्हणजे माणसात लागू?

सी. एलेगन्सला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, फुप्फुसे आणि हाडे नाहीत, आणि आपल्यासारख्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीही नाहीत. पेशीच्या आतल्या मूलभूत क्रिया समजून घ्यायला तो उत्तम आहे. पण डोस किती, यकृतावर परिणाम काय, रक्तदाबाचे काय, हे तो सांगू शकत नाही.

हे सांगण्याचे कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिराती. १९९३ साली सिंथिया केनयन यांच्या गटाने कृमीतले डॅफ-२ हे एक जनुक बदलून त्याचे आयुष्य दुपटीहून जास्त वाढवले. प्रयोग खरा आहे आणि महत्त्वाचाही. पण ‘आयुष्य दुप्पट झाल्याचे सिद्ध’ असे लिहून कॅप्सूल विकणारे हे सांगत नाहीत की प्रयोग तीन आठवडे जगणाऱ्या कृमीवर होता. शिवाय ते जनुक आपल्या इन्सुलिन रिसेप्टरच्या कुळातले आहे. माणसात इन्सुलिनचा संदेश असा बिघडला तर आयुष्य वाढत नाही, साखर वाढते. असे काही वाचून इन्सुलिन कमी करू नका.

रुग्ण विचारतात असे काही प्रश्न

रिपोर्टमध्ये ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ आहे. म्हणजे कर्करोग आहेच का?
नुसत्या त्या शब्दावरून नाही. निरोगी लिम्फोसाइट पेशींतही बीसीएल-२ असते. ते कोणत्या पेशींत आणि गाठीच्या कोणत्या भागात दिसले यावर पॅथॉलॉजिस्ट अर्थ लावतात. लसीकाग्रंथी साध्या संसर्गाने सुजली आहे की फॉलिक्युलर लिंफोमा आहे, हे वेगळे करायला ही तपासणी मदत करते. रिपोर्टच्या शेवटी लिहिलेले निदान वाचा आणि शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

‘ॲपॉप्टोसिस दिसतो’ असे लिहिले आहे. हे वाईट का?
तो फक्त दिसलेल्या गोष्टीचा उल्लेख आहे. काही वेगाने वाढणाऱ्या गाठींत पेशींचे मरणेही जास्त दिसते, आणि उपचार लागू पडत असतानाही ते दिसू शकते. त्याचा अर्थ बाकीच्या रिपोर्टसोबतच लावायचा असतो.

व्हेनेटोक्लॅक्सची गोळी घ्यायची राहिली तर?
नेहमीच्या वेळेपासून ८ तासांच्या आत आठवले तर जेवणासोबत घ्या. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर तो डोस सोडा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी घ्या. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी त्या दिवशी दुसरी घेऊ नका. डोस वाढवण्याच्या पहिल्या पाच आठवड्यांत एखादा दिवस चुकला तर पुढची गोळी घेण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.